कशावरूनबाई

राईली कुओप्पामॅकी आमच्या शाळेत सदतीस वर्षं शिकवत होती. भाषा आणि माध्यमं हे तिचे विषय. मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. त्यामुळे मी सांगते त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि उरलेलं भांडी घासताना कानावर पडलेलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर राईली हे वाचेल आणि समासात पेन्सिलीनं लिहून ठेवेल, ‘कशावरून?’

हा तिचा शब्द. पोरांनी तिचं नावच पाडलं होतं, कशावरूनबाई. तिला ते माहीत होतं आणि तिची काही हरकत नव्हती. एकदा जेवणाच्या रांगेत एक पोरगा ओरडला, “आज सूप खारट आहे!” ती त्याच्या मागेच ताट घेऊन उभी.

“कशावरून? चाखलंस?”

“नाही बाई, वासावरून.”

“मग वास खारट आहे म्हण. सूपाची बदनामी कशाला करतोस?”

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सूप मी केलं होतं.

आमचा मुलूख साव्होचा, देशाच्या पूर्वेकडचा. इथल्या माणसाला सरळ प्रश्न विचारलात तर तो म्हणेल, “असेलही, नसेलही.” घर पेटलंय का विचारलंत तरी हेच. अशा गावात जन्मून ही बाई सरळ उत्तर मागत फिरायची, म्हणून लोक तिला थोडे बिचकून असत. तिचं लग्न म्हणे ठरलं होतं. त्या माणसानं तळ्याकाठी सांगितलं की माझं तुझ्यावर प्रेम आहे, तर हिनं विचारलं, कशावरून? तो जो गेला तो स्वीडनला. ही गोष्ट गावानं रचलेली असणार. मी एकदा धीर करून तिला विचारलं, “खरं का गं हे?” ती काकडीचा काप तोंडात टाकत म्हणाली, “तुला कुणी सांगितलं, त्याला विचार कशावरून ते.” आता बोला!

तिची शिकवायची एक रीत होती. मुलं कसलाही शोध घेणार असोत, बातमी लिहिणार असोत, फिल्म करणार असोत, आधी एक कागद घ्यायचा आणि मधोमध रेघ मारायची. डावीकडे ‘काय’, उजवीकडे ‘कशावरून’. डावीकडच्या प्रत्येक वाक्यासमोर उजवीकडे काहीतरी असलंच पाहिजे. कुणी पाहिलं, कुणाचा कागद, कुठल्या सालचा, त्या माणसाचा त्यात काय फायदा. उजवी बाजू रिकामी असली की ती कागद तसाच परत द्यायची, एक शब्दही न बोलता. पोरं रडकुंडीला येत. एका वर्षी तीन मुलांनी इंटरनेटवरून एका राक्षसी माशाचा फोटो आणला आणि आपल्याच तळ्यात सापडला म्हणून बातमी केली. राईलीनं फोटो भिंगाखाली धरला आणि म्हणाली, “मासा राहू दे. आपल्या तळ्याकाठी ताडाची झाडं कधी उगवली तेवढं सांगा.” सगळी शाळा आठवडाभर त्या तिघांना ‘ताड’ म्हणून हाक मारत होती.

तर अशी ही बाई. आता जे सांगायचं आहे ते तिच्या शेवटच्या वर्षाचं, दोन हजार सतरा सालचं.

त्या वर्षी देशाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं होत होती आणि गावोगावी काही ना काही चाललं होतं. आमच्या ग्राममंडळानं गावच्या डेअरीवरची जुनी पुस्तिका पुन्हा छापायचं ठरवलं. ती पुस्तिका राईलीनंच लिहिलेली, एकोणीसशे त्र्याऐंशी साली, डेअरीला पंच्याहत्तर वर्षं झाली तेव्हा. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. गावातल्या प्रत्येक घरात ती होती, बहुतेक ठिकाणी बायबलशेजारी, आणि बायबलपेक्षा जास्त वाचलेली. कारण तिच्या चौदाव्या पानावर डेअरी कुणी जाळली ते लिहिलं होतं.

आमची सहकारी डेअरी एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली, सतरा एप्रिलच्या पहाटे जळाली. संशय आला हिलिप्पा येस्कानेनवर. हा माणूस युद्धानंतर सीमेपलीकडून, करेलियातून आलेला. तिकडचा सगळा भाग गेला आणि तिकडची माणसं आमच्याकडे वाटली गेली, घरागणिक, पंचायतीगणिक. येस्कानेन कुटुंब ऑर्थोडॉक्स, आम्ही सगळे ल्युथरन. ती माणसं मोठ्यानं बोलत, मोठ्यानं रडत, सणावारांत आमच्याशी मेळ नाही. हिलिप्पा डेअरीत बॉयलर पेटवायचा. नाताळात त्याचं मॅनेजरशी वाजलं आणि त्याला काढून टाकलं. चार महिन्यांनी डेअरी जळाली. पोलिसांनी त्याला दोन दिवस बसवून ठेवलं आणि पुराव्याअभावी सोडलं. गावानं मात्र सोडलं नाही. त्याचं नाव काडीवाला पडलं, आणि त्याच्या मुलीचं, नास्तीचं, काडीवाल्याची पोर. हिलिप्पा एकसष्ट साली गेला. नास्ती तळ्यापलीकडे बापाच्याच घरात राहिली, पंच्याहत्तरीची झाली तरी काडीवाल्याची पोरच. शाळेच्या वसंत जत्रेला ती पिराक्की, म्हणजे तांदूळ भरून भट्टीत भाजलेल्या करंज्या, करून पाठवायची. त्या दहा मिनिटांत संपायच्या. खाताना कुणीतरी हमखास म्हणायचं, “भट्टीचं काम बापाकडून शिकलीय.” मीही हसले आहे. लपवत नाही.

त्र्याऐंशीपर्यंत ही सगळी कुजबुज होती. मग राईलीला एक पत्र सापडलं. हिलिप्पानं आपल्या भावाला लिहिलेलं, भावाच्या बायकोनं वाचनालयाला दिलेलं. पाकीट हरवलेलं, वर नुसतं साल, अठ्ठेचाळीस. पुस्तिकेत ते असं छापलं होतं:

‘इल्याच्या दिवशी शेवटी पेटवून दिलं. धूर चर्चपर्यंत गेला. वर्षभर छातीवर बसलं होतं ते उतरलं. नास्ती अनवाणी इकडून तिकडे पळत होती... आता या गावाला कळेल आम्ही कोण आहोत ते.’

त्याखाली राईलीनं लिहिलं होतं की इल्या म्हणजे आपला एलियास, एलियासचा नामदिवस, म्हणजे कॅलेंडरात त्या नावाला दिलेला दिवस, सतरा एप्रिल, आणि आगीची तारीखही तीच. शंकेला जागा उरत नाही. पुढे एक हळवं वाक्यही होतं, की ऐन थंडीत अनवाणी पळणारी ती मुलगी पाहिली की त्या माणसाच्या रागामागचं दारिद्र्य समजतं.

झालं! जी बाई देवालासुद्धा कशावरून विचारेल, तिनं लिहिलंय शंका नाही म्हणून. मग गावानं शंका घ्यायचं कारणच काय? आम्ही पान मिटलं आणि मोकळे झालो.

आता ओना. बसड्रायव्हरची मुलगी, सतरा वर्षांची, कानात कायम काहीतरी खुपसलेलं, पण डोकं जागेवर. माध्यमांच्या तासाला प्रत्येकानं एक प्रकल्प करायचा होता आणि त्यातला सगळ्यात चांगला जिल्ह्याच्या रेडिओवर लागणार होता. ओनानं विषय घेतला, डेअरी कुणी जाळली. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, म्हणजे वाटाण्याच्या सूपाच्या दिवशी, ती कागद घेऊन राईलीच्या टेबलाशी आली. मी शेजारचं टेबल पुसत होते. ते टेबल मी त्या दिवशी फार स्वच्छ पुसलं.

डावीकडे लिहिलं होतं, डेअरी हिलिप्पा येस्कानेननं जाळली. उजवीकडे, राईली कुओप्पामॅकी, पुस्तिका, पान चौदा.

राईलीनं कागद परत केला.

“अहो बाई, पण हे तुम्हीच लिहिलंय!”

“मग काय झालं? छापलंय हे ‘कशावरून’ होत नाही. छापणारीला कशावरून कळलं ते बघ.”

“तुम्हीच सांगा ना.”

“मी सांगितलं तर पुन्हा माझंच नाव लिहिशील. मूळ पत्र वाचनालयात पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. जा, हाताळ, वाच.”

हे ती अगदी सहज बोलली, पॅनकेकवर जाम पसरत. तिला स्वतःबद्दल तिळमात्र शंका नव्हती. पण तिनं ओनाला पाठवलं, हे लक्षात ठेवा. नसतं पाठवलं तर कुणाला काही कळलं नसतं.

चार दिवसांनी ओना दुपारी स्वयंपाकघरात आली. माझ्याकडे भिंतीवर नामदिवसांचं कॅलेंडर असतं, कारण ज्याचा नामदिवस त्यानं कॉफीबरोबर गोड पाव आणायचा हा आमच्याकडचा नेम आहे आणि मास्तर लोक सोयीस्कर विसरतात. ओनानं एप्रिलचं पान उलटलं. सतरा, एलियास. बरोबर होतं.

“माइरे,” ती मला म्हणाली, “एप्रिलच्या मध्यावर आपलं तळं कसं असतं?”

“कसं असणार? गोठलेलं. कडेला चिखल आणि बर्फाचा काला.”

“आणि गोमाश्या?”

“कसल्या गोमाश्या? अगं, माणूस घराबाहेर पडत नाही, माशी कुठून पडेल?”

तिनं फोन माझ्यासमोर धरला. मूळ पत्राचा फोटो. पुस्तिकेत ‘नास्ती अनवाणी इकडून तिकडे पळत होती’ याच्यापुढे तीन टिंबं होती ना, त्या जागी पत्रात एक आख्खं वाक्य होतं. ‘गोमाश्यांनी पोरीला फोडून काढलं.’

मी हात पुसले आणि ते पुन्हा वाचलं. मग कढईखालचा गॅस बंद केला, कारण कांदा करपायला लागला होता.

“बाईंना दाखवलंस?”

“नाही. भीती वाटतेय.”

“तिची?”

“नाही हो. तिच्यासाठी.”

पण दाखवलं तिनं. दुसऱ्या दिवशी, वर्ग सुटल्यावर, जेवणाच्या हॉलमध्येच. राईलीनं फोटो बराच वेळ पाहिला. मग ती जी बोलायला लागली ती मला आवडली नाही. आवाज चढला नव्हता, पण सुरी चालवावी तसे प्रश्न.

“पत्र अठ्ठेचाळीसचंच आहे, कशावरून?”

“तुम्हीच लिहिलंय बाई. आणि वर साल आहे.”

“गोमाशी हा शब्द त्यांच्याकडे दुसऱ्या किड्यालाही वापरत नसतील, कशावरून?”

“विचारेन मी. पण एप्रिलमध्ये कुठलाच किडा नसतो.”

“म्हातारा माणूस पत्रात काहीही लिहितो.”

“तो छत्तीस वर्षांचा होता, बाई.”

ओनाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग ती पोरगी हळूच म्हणाली, “बाई, इल्या म्हणजे एलियास, हे कशावरून?”

“कॅलेंडरवरून.”

“कुणाच्या?”

सदतीस वर्षांत तिला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. आम्हा कुणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं की कॅलेंडर दुसरंही असू शकतं. कॅलेंडर म्हणजे आमच्या भिंतीवरचं, बस्स. तीनशे घरांचं गाव, पंचवीस घरं ऑर्थोडॉक्स, सत्तर वर्षं शेजारी शेजारी, आणि हे कुणालाच सुचलं नाही.

“ती तीन टिंबं मी का घातली,” राईली शेवटी म्हणाली, “मला आठवत नाही. जागा पुरत नसेल. माश्यांचं काय, बिनमहत्त्वाचं, असं वाटलं असेल.” मग तिनं पेला उचलून ट्रॉलीवर ठेवला आणि निघून गेली. ताट मात्र टेबलावरच राहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी ग्राममंडळाच्या अध्यक्षाचा तिला फोन आला. ओनाच्या बापानं बसमध्ये विषय काढला होता, म्हणजे गावभर झालाच. अध्यक्ष म्हणाला, चौदावं पान गाळून टाकू. उगाच जुनं कशाला उकरायचं? तुझं शेवटचं वर्ष, सत्कार ठरलाय, पोरीला दुसरा विषय दे. कोण विचारतंय? हे मला राईलीनंच सांगितलं, सकाळी साडेसातला, मी बटाटे सोलत असताना. ती कधी स्वयंपाकघरात यायची नाही.

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, सांगते.”

मला तिचा राग आला. बाकी सगळ्यांसाठी कशावरून, आणि स्वतःच्या वेळेला सांगते? म्हटलं, “गाळून टाका की पान. पुन्हा तीन टिंबं घाला. तुला सवय आहेच.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “तुझी गाडी चालू आहे का? मला नास्तीकडे जायचंय. आणि ओनाला घेऊ. तिचा प्रकल्प आहे.”

शनिवारी आम्ही गेलो. नास्तीनं दार उघडलं, तिघींना एकेक करून पाहिलं आणि म्हणाली, “पिराक्की हव्यात का? जत्रा तर मेमध्ये आहे.” मग आत घेतलं. कोपऱ्यात देवाची तसबीर, तिच्यावर भरतकामाचा पंचा. कॉफी झाली. ओनानं विचारून रेकॉर्डर सुरू केला आणि टेबलावर ठेवला.

“नास्तीमावशी, तुमच्याकडे इल्याचा दिवस कधी असतो?”

“वीस जुलै. केव्हा असणार दुसरा?” नास्ती म्हणाली. “तिकडे गावी त्या दिवशी मोठा सण. माणसं होड्यांतून यायची. इथे आलो तर सण साजरा करायला माणसंच नाहीत. म्हणून बाबा म्हणाला, या दिवशी काहीतरी मोठं करू. आम्हाला जमीन म्हणून जंगल दिलं होतं ना, नुसते बुंधे आणि दलदल. वर्षभर तो तोडत होता. ढीग वाळले आणि इल्याला त्यानं पेटवले. काय धूर! त्या राखेत आम्ही सलगम पेरला. पहिलं पीक ते. मला चावून चावून गोमाश्यांनी नको नको केलं होतं, पण मी घरात जाईना.”

ओनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. राईली ताठ बसली होती, हात मांडीवर.

“नास्ती,” ती म्हणाली, “मी पुस्तिकेत चूक लिहिली. तारीख चुकीची लावली आणि जे वाक्य माझ्या आड आलं असतं ते कापलं. तुझ्या वडिलांविरुद्ध माझ्याकडे काहीही नव्हतं.”

“म्हणजे बाबानं जाळली नाही, असं लिहिणार?”

बाई गं! मला वाटलं, आता हो म्हण. म्हण एकदाचं हो. म्हातारी सत्तर वर्षं थांबलीय. राईलीच्या कपाळावरची शीर दिसत होती.

“ते मी लिहू शकत नाही,” ती म्हणाली. “डेअरी कुणी जाळली मला माहीत नाही. पत्रावरून एवढंच कळतं की ते पत्र आगीबद्दल नाही. त्यांनी जाळली नाही, याला माझ्याकडे काही...”

“कशावरून नाही,” नास्तीनं वाक्य पुरं केलं.

ती उठली, कॉफीची किटली चुलीवर परत ठेवली आणि तिथूनच बोलली, पाठमोरी.

“तू हे मला आधीही म्हणाली होतीस. त्र्याऐंशी साली, पुस्तिका छापायच्या आधी. गावात कळलं होतं तू पत्र छापणार म्हणून. मी शाळेत आले होते तुझ्याकडे. दुपारची वेळ, तुझ्यासमोर वह्यांचा ढीग. मी म्हटलं, त्या पहाटे बाबा घरात होता. मी सहा वर्षांची होते. आकाश लाल झालं म्हणून मी उठले, तर बाबानं मला अंथरुणातून उचललं आणि अंगणात नेऊन दाखवलं. बाहेर बर्फ होता, माझे बूट आईनं शेजारी दुरुस्तीला दिले होते, म्हणून खांद्यावर घेतलं. तळ्यापलीकडे डेअरी जळताना मी बाबाच्या खांद्यावरून पाहिली. मी तुला हे सगळं सांगितलं. तू विचारलंस, कशावरून? मी म्हटलं, मी पाहिलं. तू म्हणालीस, सहा वर्षांच्या मुलीची आठवण, पस्तीस वर्षांनंतर, आणि बाप तिचा स्वतःचा. हे धरता येत नाही. मला काय उत्तर देता येणार? माझ्याकडे कागद नव्हता. मी घरी आले.”

रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता. ओनानं बंद करायला हात पुढे केला, तर राईली म्हणाली, “राहू दे.”

“मला हे आठवत नाही,” ती नास्तीला म्हणाली. “अजिबात आठवत नाही.”

“मला आठवतं,” नास्ती म्हणाली. “तू पेन्सिलीला टोक काढत होतीस.”

आम्ही परत निघालो. चर्चच्या वळणावर राईली एवढंच म्हणाली, “कशावरून, हे मी तिला विचारलं. पत्राला नाही विचारलं.” तिचं सांत्वन करायची मला इच्छा नव्हती, आणि तिलाही ते नको होतं.

ओनाचा कार्यक्रम मेमध्ये लागला, वीस मिनिटांचा. गुरुवार होता. राईलीनं अध्यक्षाला सांगून टाकलं होतं की सत्कार नको, त्याऐवजी हॉलमध्ये मोठ्यानं रेडिओ लावा. नास्तीला तिनं स्वतः आमंत्रण दिलं. नास्ती आली, डोक्याला रुमाल, हातात पिशवी. आयुष्यात पहिल्यांदा ती शाळेत सूप खायला बसली. मी तिला वाढलं. म्हटलं, “वर मोहरीची चटणी घे, छान लागते.” ती म्हणाली, “ठाऊक आहे.”

कार्यक्रमात ओनानं शेवटी विचारलं, मग डेअरी कुणी जाळली? आणि स्वतःच उत्तर दिलं की आपल्याला माहीत नाही. हॉलमध्ये एक म्हातारा पुटपुटला, “तरी काही सांगता येत नाही, असेलही, नसेलही.” राईली मागे वळली. अख्ख्या हॉलला वाटलं आता ती विचारणार. तिनं विचारलं नाही. नास्तीनं विचारलं. चमचा खाली ठेवून, त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत, “कशावरून?”

म्हातारा सूप ढवळू लागला.

नवी पुस्तिका त्याच दिवशी छापून आली होती. चौदावं पान गाळलेलं नव्हतं. जुना मजकूर तसाच ठेवून त्यावर तिरकी रेघ मारली होती, पत्र टिंबांशिवाय पूर्ण दिलं होतं, आणि खाली राईलीच्या रीतीचा कागद छापला होता, मधोमध रेघ असलेला. डावीकडे एकच वाक्य होतं: ‘आगीच्या वेळी हिलिप्पा येस्कानेन आपल्या घरी होता.’ उजवीकडे लिहिलं होतं: ‘मुलीनं त्याच्या खांद्यावरून आग पाहिली. तिनं हे मला १९८३ साली सांगितलं होतं. मी घेतलं नाही. रा. कु.’

नास्तीनं पहिली प्रत हातात घेतली. चष्मा बदलला. उजवी बाजू बोट ठेवून वाचली, पुन्हा वरून वाचली. मग पिशवीतला पाव बाहेर काढून टेबलावर ठेवला, पुस्तिका तळाशी आडवी, सपाट ठेवली, आणि पाव हातात घेऊनच घरी गेली.